अक्काआत्याच्या पानापर्यंत अठरा सेकंद

इंदापूर,
रविवार

प्रिय आबा,

सविनय जय भीम. आधी निकाल सांगते : अठरा सेकंद! लॅपटॉपचं बटण दाबल्यापासून तुमचं लिखाण पडद्यावर यायला पूर्वी सात मिनिटं लागत. आज अठरा सेकंद लागले. तीनदा मोजले, कारण पहिल्या खेपेला माझाच विश्वास बसला नाही.

आता क्रमाने सांगते. पॉलिटेक्निकमध्ये शिकवून तुमच्या मुलीला ही सवय जडली आहे, इलाज नाही. जुन्या हार्डडिस्कमध्ये एक तबकडी फिरते आणि एक बारीक सुई तिच्यावर माहिती हुडकत हिंडते. नऊ वर्षांनी ती हुडकण्यातच दमून जाते. मी आता तिच्या जागी बसवलेल्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. मागितलेलं थेट हाती येतं. पत्ता विचारत गावभर हिंडणारा पाहुणा आणि दारातच उभा असलेला शेजारी, एवढा फरक!

स्वस्त निवडायची म्हणजे आधी गरज मोजायची. तुमचं लेखन, फोटो आणि यंत्रणा मिळून नव्वद जीबीसुद्धा भरत नाही. मग एक टीबीचा सोस कशाला? दोनशे छप्पन्न जीबी पुष्कळ. मात्र कंपनी माहितीतली हवी आणि हमी निदान तीन वर्षांची हवी. त्याहून स्वस्ताच्या वाटेला मी गेले नाही. आणि एवढं शास्त्र जाणून आणलं काय? च्युइंगमच्या पट्टीएवढी, सर्वांत वेगवान एसएसडी. घरी लॅपटॉप खोलला, तर तिला बसायला जागाच नाही! त्याला लागते ती चपटी, अडीच इंची, जुन्या साटा जोडणीची. बाजारातले दुकानदार दादासो ती बदलून देताना म्हणाले, “म्याडम, पोरांना हेच शिकवता व्हय? आधी खोलून तर बघायचं!” निमूट मान्य केलं. नवी तुमच्या चष्म्याच्या काचांहून स्वस्त पडली. मग जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यात उतरवली. चार तास लागले, पण एक अक्षर हरवलं नाही.

मार्चमध्ये कऱ्हाटीहून निघताना तुम्ही हा लॅपटॉप फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिलात आणि म्हणालात, “आता मीच हँग व्हाय लागलोय, तेजू. ऱ्हाऊ दे ते पुस्तक.” छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्तीत शिकलेल्या पहिल्या बायकांचं पुस्तक, आबा! आता माझ्याजवळ पुरावा आहे. तपासणीत त्या डिस्कवर शेकडो खराब जागा निघाल्या. थकली होती ती, तुम्ही नव्हे.

तुमचं शेवटचं पान मी वाचलं. ते असं थांबलं आहे : ‘रेशनच्या दुकानात अक्काने त्या दिवशी अंगठा पुढे केला नाही. तिने’. बस, एवढंच. तुमची ही अक्का, माझी आत्या, आता ब्याऐंशीची आहे आणि दर आठवड्याला फोनवर मला एकच विचारते, “माझं पान झालं का गं? मला आता दिसत न्हाय, तुझ्या आबाला म्हणावं, वाचून दाखव.” काल मी तिला सांगून टाकलं, की पुढच्या रविवारी आबा वाचतील. तुम्हाला न विचारता शब्द दिला, म्हणून हे पत्र लॅपटॉपच्या पिशवीत घालते आहे. बटण दाबा, अठरापर्यंत मोजा आणि ते वाक्य पुरं करा.

तुमचीच,
तेजू