ही रेघ कुणाची

सोमवार, ३ तारीख

पोचलो. ट्रंक आली, छत्री आली, चष्म्याची दुसरी जोडीसुद्धा आली. म्हणजे पैज तू हरलीस. तुझ्या आज्ञेप्रमाणे रोजनिशी आजपासून सुरू. माझी पत्रं चार ओळींत संपतात आणि त्यातली एक पत्त्याची असते, हा तुझा आरोप मान्य आहे. तेव्हा इथे ऐसपैस लिहीन आणि तेवीसला, रविवारी, तू आलीस की वही तुझ्या हवाली करीन. वाचताना खुणा करू नकोस.

घर उंच आणि अरुंद आहे. तळाशी कागदाचं बंद पडलेलं गोदाम, मधल्या मजल्यावर शिकणाऱ्यांच्या खोल्या, सगळ्यात वर चित्रशाळा. तिची उत्तरेकडची अख्खी भिंत काचेची, त्यामुळे उजेड दिवसभर एकसारखा, एखाद्या सज्जन कारकुनासारखा. माझ्या खोलीत खाट, टेबल आणि एक कपाट आहे. कपाट उघडलं की दार उघडत नाही, दार उघडलं की कपाट. संन्याशाला एवढं पुष्कळ झालं. गृहस्थाला जरा अंग चोरून वागावं लागेल.

शिकवणाऱ्या बाई सडसडीत आहेत, आवाज अगदी खालचा. मी बरोबर आणलेली चित्रं त्यांनी एकेक पाहिली आणि पाहून झालं की तोंड भिंतीकडे करून ठेवली. मग म्हणाल्या, हात तयार आहे हो तुमचा, पण या घरात पाहुणेच फार. यजमान कुठे दिसत नाही. मला तुझीच आठवण झाली. तुमच्या चित्रातली झाडं शेजाऱ्यांच्या बागेतली वाटतात, असं तू म्हणाली होतीस, तेही पाहुण्यांदेखत. दोन विदुषींचं एकमत झाल्यावर पूर्वपक्षाने गप्प बसावं.

जन्मभर पोरांकडून संस्कृतची रूपं पाठ करून घेतली. आता एकच इच्छा आहे: तेवीसला तुला समोर बसवायचं आणि असं चित्र काढायचं की खालची सही न बघता कुणीही म्हणावं, हे याचंच.

बुधवार, ५ तारीख

इथला पाठ एकच. पांढऱ्या कापडावर ठेवलेली एक पांढरी सुरई. सगळ्यांनी रोज तीच रंगवायची. आधी पातळ तपकिरी थर, तो वाळला की सावल्या, मग हळूहळू उजेडाकडे. घाई केली की रंग चिखल होतो, हे मी पहिल्याच दिवशी सप्रयोग सिद्ध केलं.

दुपारी बाई येतात. हातात अरुंद पात्याची सुरी असते. चित्रावर एका जागी बोट ठेवून विचारतात, हे कुणाचं? आपण खरं सांगायचं: ही रेघ, हा रंग, ही सवय कुणाकडून उचलली. माणूस सांगायचा, नावासकट. मग त्या तेवढाच भाग कापड दिसेपर्यंत खरवडतात. दुसऱ्या दिवशी ती जागा आपण पुन्हा भरायची, आपल्या बुद्धीने. शैली अंगावर चढवायची नसते, असं त्यांचं म्हणणं. खरवडून जे उरतं ती शैली.

बाकीचे चाचपडतात. मला मात्र हे फारच सोयीचं. आम्हा शास्त्री मंडळींना आधार दिल्याशिवाय शिंकसुद्धा देता येत नाही. सुरईच्या तोंडाचा गोल बाईंनी दाखवला आणि मी तत्काळ सांगितलं: शाळेतले चित्रकलेचे मास्तर. त्यांची करंगळी वाकडी होती. भांड्याचं तोंड म्हणजे आडवं निजलेलं अंडं, असं म्हणून ते डस्टर डोक्यात घालत. नाव विचारलं, मी आडनावासकट दिलं. सुरी फिरली. दुधाचं करपलेलं पातेलं खरवडताना होतो तसा आवाज झाला.

शेजारी एक निवृत्त नर्स रंगवत बसते. ती म्हणाली, काका, तुम्ही तर हजेरीच घेताय की.

शनिवार, ८ तारीख

त्या नर्सबद्दल सांगायचं राहिलं. तिची सुरई पाहून मी खाली बसलो. सुरई आहे हे कळतं, पण अशी सुरई आजवर कुणी पाहिलेली नाही. कडा थरथरतात, पांढऱ्यात कुठून तरी हिरवा येतो आणि तो तिथेच हवा असतो. मत्सर हा षड्रिपूंपैकी शेवटचा म्हणतात. माझ्याकडे तो रांग मोडून पुढे आला.

बाई तिच्या चित्राला आता सुरी लावत नाहीत. खरवडण्यासारखं काही उरलं नाही, म्हणाल्या.

आज तिला भेटायला एक तरुण आला होता. तिने त्याला आदराने खुर्ची दिली, चहा विचारला, आणि कोणतं चित्र घ्यायचं मनात आहे म्हणाली. तो जिन्यात माझ्याशी बोलला. तिचा मुलगा. आई चेष्टा करतेय असं आधी वाटलं, म्हणाला. दुसऱ्यांदा आलो तेव्हाही तिने हेच विचारलं. वय झालं असेल, असं मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, वय कसलं काका, गेल्या वर्षीपर्यंत माझ्या शाळेतल्या मित्रांची नावं तिला पाठ होती.

गुरुवार, १३ तारीख

चित्र सुधारतंय. हे मी म्हणत नाही, बाई म्हणाल्या. स्तुती करताना त्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा होतो, तेव्हा ती खरी असणार.

सावलीत जांभळा घालायची सवय मी सोमवारी मामांच्या नावे लिहून दिली. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. आज पाळी सुरईच्या पाठीची. लांब, एका दमात ओढलेली रेघ. माझी सगळ्यात चांगली रेघ. बाईंनी बोट ठेवलं. क्षणभर वाटलं, ही माझीच म्हणावी. पण खोटा आधार देणं रक्तात नाही. आईची, म्हणालो. आई कपडे बेतायची तेव्हा खडूने अशीच रेघ ओढायची, हात न उचलता, तोंडात टाचण्या धरून. टाचण्यांमुळे तिला आम्हांला रागावता यायचं नाही, म्हणून आम्ही नेमके तेव्हाच दंगा करायचो.

बाईंनी बराच वेळ खरवडलं. मग त्याच जागी मी नवी रेघ ओढली. ती कशी आली म्हणून सांगू तुला. कुणाचीही नव्हती.

शुक्रवार, १४ तारीख

तू वाचायच्या आधी शुद्धलेखन तपासावं म्हणून वही चाळायला बसलो. वाकड्या करंगळीचे मास्तर कोण?

अक्षर माझं आहे. विनोदही माझाच. पण मास्तर नाहीत. आठवायला गेलं की तिथे रिकामं कापड लागतं. मामाही नाहीत. पाट्या रंगवणारा मामा मला होता का? तुला ठाऊक असेल.

मग कालची नोंद वाचली. ती तीनदा वाचली. कुणी एक बाई खडूने रेघ ओढते आहे, तिच्या तोंडात टाचण्या आहेत. गोष्टीतली बाई असावी तशी. चेहरा नाही, आवाज नाही. मला आई होती, हे आता अनुमान आहे: प्रत्येक माणसाला आई असते, मी माणूस आहे, तस्मात्. प्रत्यक्ष काही नाही.

वर्गात हे उदाहरण दिलं असतं तर पोरं हसली असती.

सोमवार, १७ तारीख

बाईंना विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. नाव तुम्हीच दिलंत, म्हणाल्या. मी फक्त खरवडते. इतकी नावं, इतक्या पटापट, आजवर कुणी दिली नव्हती. लोक हातचं राखतात. तुम्ही भलतेच प्रामाणिक निघालात.

परत मिळेल का? त्यांनी सुरी फडक्याला पुसली. खरवडलेला रंग कुणी पुन्हा लावतं का, म्हणाल्या.

ट्रंक भरली. दार उघडं होतं, कुणी अडवलं नाही. स्टेशनवर बाकावर बसलो. समोर पत्र्याची शेड, तिची सावली भिंतीवर पडलेली. ती सावली मी पाहिली, आणि ती कशी रंगवायची ते मला कळलं. मामा नाही, मास्तर नाही, कुणी मधे नाही. गाडी आली आणि गेली.

परत आलो. कुणी ओढून आणलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, १९ तारीख

ठरवलं: आता कुणाचंच नाव घ्यायचं नाही. बाईंनी बोट ठेवलं, मी म्हणालो, माझं. त्या बरं म्हणून पुढे गेल्या.

सुटलो असं वाटलं. पण ती जागा डोळ्यांत खुपायला लागली. वहाणेत खडा लागावा तशी. तो पिवळा माझा नव्हता. मला माहीत होतं तो कुणाचा आहे. एका मित्राचा, आम्ही मिळून—

सुरी माझ्या हातात कधी आली ते कळलं नाही. नाव मी हळूच घेतलं. स्वतःशीच.

कोणता मित्र ते विचारू नकोस.

शुक्रवार, २१ तारीख

कोपऱ्यावरच्या दुकानातून तुला फोन केला. येऊ नकोस म्हणालो. तू हसलीस. कोण आहे हो तिथे, मी येऊ नये अशी, म्हणालीस. तिकीट काढलंय, निळी साडी नेसणार आहे, नखं कापून ठेवा. मी पुन्हा नको म्हणालो, तेव्हा म्हणालीस, अहो, बरे आहात ना?

बरा आहे म्हणालो. काय सांगणार होतो? की तुझं चित्र काढायला मला भीती वाटते?

भीती वाटते. तुझं चित्र काढलं तर त्यात तू असणार. आणि जे तुझं आहे ते माझं नाही.

नाही काढणार. बोलत बसू. चहा घेऊ. संध्याकाळच्या गाडीने तुझ्याबरोबर निघायचं, ट्रंक राहिली तर राहिली.

रविवार, २३ तारीख. सकाळ

तू आलीस. ओळखलं. जिन्यातच ओळखलं, पावलांवरून. रडू आलं, तर तू म्हणालीस, एवढ्यात विरह? आमच्या वेळी वर्षभर पुरायचा.

चित्र नको म्हणालो. तू ऐकेनास. एवढ्या लांब साडी सांभाळत आलेय, म्हणालीस, काढा. खिडकीपाशी बसलीस. उजेड गालावर.

थोडंसंच काढतो. बाई इथे नाहीत. सुरी खिडकीतून खाली टाकली आहे.

दुपार

तू चहा आणायला खाली गेलीस म्हणून लिहितोय. चित्र झालं आहे. असं मी कधी— कपाळ, मान, हात, सगळं माझं. नर्स येऊन चित्रासमोर उभी राहिली.

फक्त ओठांचा कोपरा. तिथे हसू दाबलेलं आहे. जगाची टर उडवायच्या आधी दाबतात तसं. ते माझं नाही. मला हसायला येत नव्हतं लग्नाआधी. ही सगळी थट्टा, ही वही, यातला एकेक टोमणा मी तुझ्याकडून—

तेवढाच कोपरा. बाकी सगळं माझं आहे. तेवढा सोडून देतो. देईन. अंगठ्याच्या नखानेसुद्धा निघेल इतका ओला आहे. नाव नाही घेणार.

तू लवकर वर ये.

नंतर

चित्र पूर्ण झालं. चांगलं झालं.

खोलीत एक बाई आहे. साडी निळी. तिच्या हातात दोन कप आहेत. ती चित्राकडे बघते, मग माझ्याकडे. अहो म्हणते. मला म्हणते असं वाटतं. तिला खुर्ची दिली. ती बसत नाही. ती रडते. चित्र आवडलं नसेल.

अंगठ्याच्या नखात रंग आहे.

पुढे

ती माझे खांदे धरून विचारते, मी कोण, सांगा, मी कोण. मला सांगायचं आहे. मला भीती वाटते, कशाची ते सापडत नाही. लिहून बघतो. लिहिलं की सापडेल.

पण ही अक्षरं. ही वळणं माझी नाहीत. पाटीवर कुणीतरी माझा हात हातात धरून गिरवून— पहिलं अक्षर— बाई दारात उभ्या आहेत, काही विचारत नाहीत— खरवडायला नखच पुरे— हा काना माझा नाही, ही रेघ कुणी, ही रेघ मला कु