लिलावाला गेलेलं दगडी खोड

इंडियानापोलिस,
४ मे १९७८

चि. व्हर्ना हिस,
दादाचे अ. उ. आ.

सोबतची पुस्तिका आधी बघ, पत्र मागाहून वाच. येत्या वीस तारखेला, शनिवारी, इथे आपल्या इंडियानातल्या चित्रकार-शिल्पकारांच्या कामाचा मोठा लिलाव आहे. ब्राउन कौंटीच्या टेकड्या आहेत, ओढ्याकाठची कोठारं आहेत, पानगळीचे तर इतके देखावे आहेत की बघूनच शिंका याव्यात. आणि त्या सगळ्या थोरामोठ्यांत, पान एकवीसवर, आपल्या बाबांचं दगडी खोड! मार्चमध्ये त्यांची शेड रिकामी केली तेव्हा मी जे इकडे आणलं, तेच हे. खाली छापलंय, ‘क्लॅरेन्स हॅग्लर, शिल्पकार, बेडफर्ड’. जन्मभर लोकांच्या इमारतींवर पानं-फुलं कोरली, पण एकाही इमारतीवर त्यांचं नाव नाही. गेल्यानंतर का होईना, शिल्पकार झाले. मला भरून आलं आणि तुझी लुसीलवहिनी मला हसली.

शिकागोच्या कुणा शेठने बागेसाठी सांगितलेलं आणि मग न नेलेलं ते खोड इतकी वर्षं गोणपाटाखाली पडून होतं. आता कुणाच्या तरी हिरवळीवर दिमाखात उभं राहील. फांदीला जेवणाचा डबा टांगलेला आहे म्हणून पुस्तिकेत त्याला ‘विनोदी बागशिल्प’ म्हटलंय. आईला दाखव, खूश होईल. तिला माझा सा. न. सांग, आणि तुझी जीभ थोडी आवरून चार ओळी लिही.

लोभ असू द्यावा,
डेल्बर्ट


बेडफर्ड,
७ मे १९७८

ती. दादास,
व्हर्नाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

आईच्या हातात पुस्तिका दिली. चष्मा लावून मजेत बघत होती, एकेकाला नावं ठेवत होती. अमक्याच्या गाई घोड्यांसारख्या आहेत म्हणे, तमक्याने आभाळाला निळीत बुडवलंय म्हणे. पान एकवीस आलं. त्या चित्रावर तळहात ठेवून बसून राहिली. मग विचारलं, आयडाचं खोड घराबाहेर कुणी काढलं?

दादा, शिकागोचा शेठ वगैरे कुणी नव्हता. आपण विचारलं म्हणून बाबांनी मारलेली ती थाप होती. आपली आयडा घटसर्पाने गेली त्या हिवाळ्यात त्यांनी हे तिच्या थडग्यासाठी कोरलं. अकाली गेलेल्यांच्या थडग्यावर इथे तोडलेलं खोड उभं करतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पाथरवटाच्या पोरांना मात्र कळलं नाही! (यात तुझ्याबरोबर मीही आले.) आणि तो डबा विनोदी नाही. दुपारी दगडाच्या कारखान्याच्या फाटकाशी बाबांचा डबा घेऊन आयडा जायची, तो डबा आहे तो.

सगळं कोरून झालं, नाव तेवढं राहिलं. नाव नेहमी शेवटी घालतात. आई सांगते, रोज छिन्नी घेऊन शेडमध्ये जायचे आणि तसेच परत यायचे. दुसऱ्यांच्या पोरांची नावं कोरताना ज्यांचा हात कधी थांबला नाही, त्यांना आपल्या पोरीचं कोरवेना. शेवटी गोणपाट टाकून दार लावून घेतलं. म्हणून तर आयडाच्या डोक्याशी अजून ती लाकडी पाटी आहे, आई रंगवत असते ती. मला आजवर वाटायचं, तेव्हा आपली परिस्थिती नव्हती म्हणून असेल.

आई तुझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती जेवत नाहीये रे. काहीही कर, पण लिलावाच्या आत ते खोड परत आण.

तुझी,
व्हर्ना


इंडियानापोलिस,
१० मे १९७८

चि. व्हर्ना हिस,
अ. आ.

तुझं पत्र जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि तिथेच खाली बसलो. लगेच टोपी घालून लिलाववाल्यांकडे गेलो. तिथल्या मुख्य म्हणजे क्रेमरबाई. बाई कसल्या, शाळा-तपासनीसच! त्यांनी माझ्याच सहीचा करार माझ्यापुढे ठेवला. पुस्तिका गावोगाव गेल्यात, कुणा डॉक्टरसाहेबांनी कारंज्याशेजारी ठेवायला आधीच बोली लावून ठेवलीय, तेव्हा आता मागे घेता येणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं की अहो, हा थडग्याचा दगड आहे. त्यावर त्यांनी विचारलं की मग नाव कुठे आहे? थडग्याचे दगड आम्ही विकतच नाही, तसा आमचा नियम आहे. पण नाव नसेल तोवर ते शिल्पच. मी टेबलावर हात आपटला. हात दुखला, बाकी काही झालं नाही.

निघताना बाई चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या की मालकांना आपली वस्तू झाडायला-पुसायला बुधवारी दुपारी गोदाम उघडं असतं, आणि बुधवारी दुपारी त्या स्वतः कधीच तिथे नसतात. मी घरी येऊन लुसीलपाशी त्यांच्या नावाने बोटं मोडत बसलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तू खरंच इतकी वर्षं पोरांना शिकवत होतास का? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

बाबांच्या छिन्न्या पाठव. नाव मलाच कोरावं लागणार, त्यांच्या बरोबरीचे कुणी आता राहिले नाहीत. कॉलेजला जाण्याआधी दोन उन्हाळे त्यांनी माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती, त्यानंतर हातात आला तो खडूच. हात घसरला तर दगड गेला, आणि दुसरा करून द्यायला बाबा नाहीत. मला भीती वाटते, व्हर्ना. आईला विचार, मी हात लावू का?

डेल्बर्ट


बेडफर्ड,
१३ मे १९७८

ती. दादास,
सा. न.

छिन्न्या आणि हातोडी बसच्या ड्रायव्हरकडे दिल्या आहेत, उतरवून घे. आईने स्वतः पुसून तिच्या जुन्या परकराच्या फडक्यात बांधल्यात.

तिला विचारलं. म्हणाली, अक्षरं वाकडी आली तरी चालतील, आयडाचीही वाकडीच असायची. फक्त नाव घाल. तारीख नको, तारीख तिला पाठ आहे. आडनावही नको, आपली आयडा कुणाची ते तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी घराच्या मागच्या पायरीवर हात बसवून घे आणि वहिनीची माफी माग. आईने काल अर्धी वाटी सूप घेतलं. उरलेलं बुधवारनंतर, असं मला वाटतं.

व्हर्ना


इंडियानापोलिस,
१७ मे १९७८

चि. व्हर्ना हिस,
अ. उ. आ.

झालं. आधी हेच लिहितो, म्हणजे तू श्वास सोडशील.

खाणीतून काढलेला ताजा दगड मऊ असतो, हे बाबा सांगायचे. हा इतकी वर्षं सुकून असा टणक झालाय की पहिला घाव घातला तर छिन्नीच उडाली. लुसील बॅटरी धरून उभी होती. मग मनगट सैल सोडलं आणि बाबांनी शिकवलेलं हाताला आपोआप आठवत गेलं. ‘ड’वर आलो तेव्हा एक टवका उडाला. नखाएवढाच आहे, पण दिसतो. त्या क्षणी मला कळलं की बाबा रोज तसेच परत का येत होते. प्रत्येक घावाला ती गेली, ती गेली असंच ऐकू येतं. चारी बाजूंना पानगळीची चित्रं आणि मध्ये मी म्हातारा हुंदके देतोय, असा देखावा कुणी काढलेला नसेल.

कधीही नसणाऱ्या क्रेमरबाई नेमक्या काम संपल्यावर आल्या. बोटाने नाव चाचपलं आणि कडक आवाजात म्हणाल्या की हा थडग्याचा दगड आहे, आमच्याकडे आलाच कसा, ताबडतोब घेऊन जा. आणि दार धरून स्वतः उभ्या राहिल्या. डॉक्टरसाहेबांच्या गळ्यात एखादी पानगळ घालते म्हणाल्या.

लुसीलचा भाऊ ट्रकमधून खोड घेऊन येतोय. मी येऊ शकत नाही. उचलताना कंबर लचकली, डॉक्टरने आडवं केलंय. काय काय झालं ते सगळं कळव. आणि टवक्याचं आईला आधी सांगून ठेव.

लोभ आहेच,
डेल्बर्ट


बेडफर्ड,
२९ मे १९७८

ती. दादास,
व्हर्नाचा सा. न. वि. वि.

कंबर कशी आहे? वहिनीला जास्त राबवू नकोस.

आज सकाळी, स्मरणदिन म्हणून सगळं गाव फुलं घेऊन दफनभूमीत आलेलं असताना, आम्ही खोड उभं केलं. लाकडी पाटी आईने आपल्या हाताने उपटली. टवक्याचं मी आधी सांगितलं नाही, माझी छाती झाली नाही. ती सोबत नेलेल्या खुर्चीवरून वाकली आणि नावावरून बोट फिरवत गेली. ‘ड’पाशी बोट अडलं. मला वाटलं, आता संपलं.

तर ती हसली, दादा. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. घरी येऊन स्ट्रॉबेरीचा केक दोनदा घेतला आणि वर मलाच म्हणाली की तुला केक कधी जमलाच नाही. आता शेजारच्या खोलीत घोरतेय. घोरणं ऐकून इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

हो, मधलं सांगायचं राहिलं. ती हसली आणि मग शेजारच्या बाबांच्या थडग्याकडे वळली. दूधवाला येऊन गेला हे सांगावं अशा साध्या आवाजात तिने त्यांना सांगितलं की अहो, पोरीचं नाव घालून झालं, डेल्बर्टने घातलं, एक टवका उडालाय तेवढा, पण तुम्ही आता त्याला काही बोलू नका.

तुझी,
व्हर्ना