फेब्रुवारीतली वासरं

अब्बा, आज दुपारी अरुशाहून फोन आला. अरुशा म्हणजे टांझानियातलं ते शहर, जिथून सफारीच्या जीपा निघतात. फोनवरच्या बाई मूळच्या कच्छी, तीन पिढ्या आफ्रिकेत गेलेल्या, पण हिंदी आपल्या शारजाच्या किराणावाल्यासारखी. म्हणाल्या, "बेन, पहले ये बताओ, आपको देखना क्या है? नदी देखनी है तो अगस्त में आओ, बच्चे देखने हैं तो फरवरी में. जानवर मेरे कहने से नहीं चलते, बारिश के पीछे चलते हैं." मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत कळवते. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि हाच प्रश्न माझ्यापुढे दुसऱ्यांदा आलाय. पहिल्या वेळी तुम्ही मला प्रश्न विचारला नव्हता, तुम्ही उत्तरच घेऊन आला होतात.

ही सगळी टूम तुमच्या नातीची. एकोणीस वर्षांची झाली ती आता, दुबईला कॉलेजात जाते. तिने लॅपटॉपवर मला आफ्रिकेचा नकाशा काढून दिलाय आणि त्यावर बाण. जानेवारी ते मार्च लाखो जनावरं दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानात, मग पाऊस सरकेल तशी पश्चिमेला, तिथून उत्तरेला, जुलै-ऑगस्टात मारा नदी ओलांडायला तिच्या काठी, आणि वर्ष संपता संपता पुन्हा खाली. शिकवणीच्या मास्तरणीसारखं तिने मला ते दोनदा समजावलं. मीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावली. हे चक्र मला पाठ आहे हे तिला कशाला सांगू? वाइल्डबीस्ट हे नाव तुमच्या तोंडात कधी बसलं नाही. तुम्ही तिला दाढीवाली गाय म्हणायचात.

ती गाय तुम्हाला टीव्हीवर भेटली, मुसफ्फाला, कंपनीच्या कामगार कॅम्पमध्ये. वर्कशॉपच्या मागे आठ जणांची खोली, आठ पलंग आणि टीव्ही एकच. पेशावरच्या ड्रायव्हरला क्रिकेट हवं, दोघा मल्याळ्यांना त्यांच्या बातम्या, बंगाल्याला सिनेमा, आणि रोज रिमोटवरून जुंपायची. शेवटी तोड निघाली ती जनावरांच्या चॅनलची. जनावरांना भाषा नसते, त्यामुळे आठही जणांना ती सारखीच कळतात, असं तुम्ही हसत सांगायचात. दिवसभर लोखंड कापून, जोडून आलेली आठ माणसं जेवणाचं ताट मांडीवर घेऊन हरणं बघत बसायची, हे चित्र मला तेव्हा गमतीचं वाटायचं. आज नाही वाटत.

शुक्रवारी सकाळच्या बसने तुम्ही आमच्याकडे शारजाला, अल मजाजला यायचात. येताना शेरी मासा आणायचात आणि स्वतःच साफ करायचात, कारण माझी सुरी तुम्हाला बोथट वाटायची. मग जुम्म्याची नमाज, जेवण, गालिच्यावर तासभर डुलकी, आणि पाचच्या बसने परत. "जेवलीस काय? पोरगी अभ्यास करते ना?" एवढं तुमचं. "ड्युटी कशी आहे? बीपीची गोळी घेता ना?" एवढं माझं. की आपलं बोलणं खलास. यात तुमचा काही दोष नव्हता. मी पोटात असताना तुम्ही इकडे आलात, आणि मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा मी चौदा महिन्यांची होते. अम्मी सांगते, तुम्ही उचलून घेतलंत तर मी किंचाळून घर डोक्यावर घेतलं. भावाच्या जन्माच्या वेळीही तुम्ही मुसफ्फात. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी, हा आपला हिशोब. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन मी शारजाला आले, तोपर्यंत आपण दोघं एका छपराखाली किती दिवस राहिलो ते मी एकदा मोजून पाहिलं होतं. दोन वर्षंही भरली नाहीत.

लग्नानंतर मी हौसेने तुमचं वर्कशॉप बघायला आले होते, आठवतं? कोपऱ्यात वेल्डिंग चालू होतं आणि मी त्या निळ्या उजेडाकडे टक लावून बघत राहिले. तुम्ही लांबून असे ओरडलात की सगळं वर्कशॉप थांबलं. "डोळे फोडून घ्यायचेत काय? अक्कल आहे की नाही?" नवरा शेजारी उभा, पंचवीस माणसं बघतायत, आणि मी नवी नवरी. दोन शुक्रवार मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या शुक्रवारी तुम्ही काळा चष्मा आणलात, चांगल्या दुकानातला, डबीसकट. हातात दिला नाहीत. फ्रिजवर ठेवलात आणि निघून गेलात. पाचच्या बसची वेळही झाली नव्हती.

आता त्या नोव्हेंबरचं सांगते. तुमचं एकसष्टावं चालू होतं, मार्चमध्ये कंपनी सोडणार होती, तेहतीस वर्षांनंतर कायमचं एक्झिट, म्हणजे व्हिसा संपवून गावी परत. मी ओट्याशी तांदळाच्या भाकऱ्या थापतेय. तुम्ही मासा तसाच सिंकमध्ये ठेवलात, हात धुतलेत, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून ओट्यावर ठेवलात. सुट्टीचा अर्ज. फेब्रुवारीत सहा दिवस, मॅनेजरची सही झालेली. मला आधी वाटलं गावाला कुणाचं तरी काहीतरी झालंय. आपल्या लोकांत सुट्टी म्हणजे गाव. ती दुसरीकडे कुठे जायला वापरायची असते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, तुमच्याही तेहतीस वर्षांत आलं नव्हतं. अर्जाच्या आत एक पिवळं कार्ड होतं, यलो फिव्हरच्या लशीचं. साठीच्या वर आहात, नको, असं डॉक्टर म्हणाला, तर माझ्या जबाबदारीवर द्या म्हणून सही करून तुम्ही टोचून घेऊन आला होतात. मला विचारायच्या आधी.

"आफ्रिकेला जायचं म्हणतो," तुम्ही म्हणालात. "एक्झिटच्या आधी."

"फेब्रुवारीत? फेब्रुवारीत काय आहे तिथे?"

"वासरं. दाढीवाल्या गायी वितात तेव्हा. सगळ्या एकदम, दोन-तीन हप्त्यांत. वासरू खाली पडलं की पाच-सात मिनिटांत उभं राहतं, नि आईच्या मागे चालायला लागतं."

मी हसले. कुत्सितपणे नाही, पण हसले. "अब्बा, एवढ्या लांब जायचं तर नदीच बघू या ना. मगरी, त्या उड्या, सगळं जग तेच बघायला जातं. ऑगस्टमध्ये हिची शाळा बंद, यांनाही रजा मिळेल, सगळेच जाऊ. तुम्ही मार्चमध्ये गावाला जा, आराम करा. जुलैमध्ये मी व्हिजिट व्हिसा काढते."

"मरामर काय बघायची गो? टीव्हीवर पुष्कळ झाली ती."

"पण फेब्रुवारीत शाळा आहे हिची."

तुम्ही तव्यावरच्या भाकरीकडे बघत राहिलात. "उलट ती, करपते," म्हणालात. मी उलटली. मग तुम्ही अर्ज होता त्याच घड्यांवर पुन्हा मिटलात, कार्ड आत घातलंत. "बरं. तुमच्या सोयीनं बघा. इन्शाल्ला ऑगस्ट." आणि सिंककडे वळून मासा साफ करायला घेतलात. त्या दिवशी सुरीबद्दलही काही बोलला नाहीत.

मी मात्र खुशीत होते. एकदाच जायचं तर मोठं तेच बघायचं, हा आपला सगळ्यांचा हिशेबीपणा माझ्याही अंगात भिनलेला. मी कॅम्प निवडला, नदीजवळचा. खिडकीची सीट तुम्हाला द्यायची हेही ठरवून टाकलं. मार्चमध्ये तुम्हाला एअरपोर्टवर सोडलं, दोन खोके दोरीने बांधलेले, चारी बाजूंनी मार्करने नाव लिहिलेलं. "ऑगस्टात भेटू," मी म्हणाले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि "गोळी घेतो, काळजी नको," म्हणालात, मी विचारलं नसतानाही. गावात तुम्ही सात आठवडे राहिलात. सात आठवडेच. मे महिन्यात एका सकाळी भावाचा फोन आला की फजरची नमाज पढून तुम्ही पडवीत खुर्चीवर बसलात, आणि अम्मी चहा घेऊन आली तेव्हा उठला नाहीत.

मला दुपारचं विमान मिळालं. माझं विमान सुटायच्या आधी तुम्हाला दफन करून लोक घरी परतलेही होते. आपल्यात मयत थांबवत नाहीत, आणि मी थांबवा म्हणालेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले. बायकांनी कब्रस्तानात जायचं नसतं, म्हणून भिंतीबाहेर उभी राहिले. भाऊ आतून हाताने दाखवत होता, तिथे, आंब्याच्या पलीकडे. मला आंबा दिसत होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. तरी मी मान हलवली, दिसलं म्हणून. त्या ऑगस्टला आम्ही कुठेच गेलो नाही.

आज पाचच्या सुमारास तुमची नात कॉलेजमधून आली. बॅग टाकली, फ्रिज उघडला आणि म्हणाली, "ममा, डन? ऑगस्ट, राइट?"

मी म्हटलं, "फेब्रुवारी कसा वाटतो?"

ती फ्रिजचं दार धरून तशीच थांबली. "दॅट्स नानाज मंथ," म्हणाली.

अब्बा, मी तिला हे कधी सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. तुला काय माहीत, मी विचारलं, तर ती इंग्रजीतून सांगत गेली. तुमच्यासाठी मराठीत लिहिते. म्हणाली, तू भाकऱ्या करत असायचीस तेव्हा नाना मला फोनवर व्हिडिओ दाखवायचे, वासरं जन्मतानाचे. मी एकदा विचारलं, शी, हे काय बघता सारखं सारखं? तर म्हणाले, मी माझं एकही बाळ येताना पाहिलं नाही. तुझी मम्मी आली तेव्हा मला पत्र मिळालं, सतरा दिवसांनी. मामाच्या वेळीही पत्रच. तू तर इथेच शारजात आलीस, तरी मी शुक्रवारी पोहोचलो, तोवर तू तीन दिवसांची. पहिल्यांदा उभं राहताना तर कुणालाच नाही बघितलं. एकदा बघायचंय, तुझ्या मम्मीच्या शेजारी बसून.

दहा वर्षांच्या पोरीला सांगितलंत तुम्ही हे. मोडक्या इंग्रजीत आणि कॅम्पच्या हिंदीत सांगितलं असेल, कारण तिला मराठी अर्धंच कळायचं. मला एका शब्दाने नाही. मी सहा पावलांवर उभी होते, पिठाने भरलेल्या हातांनी. माझा राग आला तुम्हाला तेव्हा? यायला हवा होता. मी आज पोरीदेखत ओक्साबोक्शी रडले. नऊ वर्षांत अशी रडले नव्हते, त्या भिंतीबाहेरसुद्धा नाही. ती बिचारी घाबरली, "ममा, स्टॉप, प्लीज," म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. तुम्ही किती साधं मागितलं होतंत, आणि मी तुम्हाला मगरी दाखवायला निघाले होते.

थोड्या वेळाने मी अरुशाला फोन लावला. "फरवरी," म्हटलं, "दो लोग. माँ-बेटी." बाई म्हणाल्या, "अच्छा किया, बेन," आणि लशीचं कार्ड आहे का ते विचारलं. दोघींना आता ती टोचून घ्यायची आहे. पोरगी आतल्या खोलीत जाऊन फोनवर मैत्रिणीला सांगतेय, आणि मी हे लिहितेय.

एक राहिलंच. त्या फेब्रुवारीत, तुमच्या अर्जातल्या त्याच आठवड्यात, शाळेला सुट्टी होती. मिड-टर्मची. मला माहीत होतं. आणि तुम्ही अर्ज मिटताना हळूच म्हणाला होतात, "नायतर आपण दोघंच जाऊ, तू नि मी." ते मी वर लिहिलं नाही. तवा चरचरत होता, मी ऐकू न आल्यासारखं केलं. सहा दिवस जीपमध्ये तुमच्या शेजारी बसून मी काय बोलणार होते? गोळी घेतलीत का, एवढं विचारून झालं की पुढे काय, याची मला धास्ती वाटली, म्हणून मी शाळा पुढे केली. पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुम्ही मला परके वाटायचात, अब्बा, आणि ही ओळ तुम्ही कधी वाचू नये असंच मला वाटतं.