एक मात्रा आधी

बाबा, परवा रविवारी उपासना संपल्यावर आपल्यासोबत गाणाऱ्या काकांचा मुलगा भेटला. काटोलहून आला होता, आता त्याचेही केस पिकलेत. बोलता बोलता म्हणाला, "आमचे बाबा जाईपर्यंत एकच म्हनत राहिले गा, माह्यापायी मास्तरांचं गानं बिघडलं." मी मान हलवली आणि त्याला चहा पाजला. खरं सांगायला जीभच उचलली नाही. जिवंत माणसाला चहावर बोळवलं, आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर पत्र लिहायला बसलोय. असा मी शूर.

तुम्हाला ती गाणी आठवत असतील. त्या जुन्या जर्मन संगीतकाराने फक्त पुरुषांच्या आवाजांसाठी बांधलेली. मिशनच्या कपाटातून तुम्ही ती काढलीत, त्यांवर मराठी शब्द बसवलेत, आणि कारकून, फिटर, शाळामास्तर असे आम्ही बारा जण चर्चमध्ये उभे केलेत. "बारा मानसं, पन गळा एकच पाहिजे," हे तुमचं पालुपद. कुणाचा आवाज वेगळा कानावर आला की तुमची भुवई चढायची. मी तुमचा मुलगा, पण तालमीत मीही तुम्हाला मास्तरच म्हणायचो. मी गायलो त्या सहा वर्षांत तुम्ही मला ना कधी रागावलात, ना वाखाणलंत. माझ्या शेजारी काका उभे राहायचे. लकडगंजात लाकडं कापायच्या आरामशीनवर जन्म गेलेला, त्या आवाजातच कान गेलेले. सक्करदऱ्याहून सायकल मारत यायचे आणि तुमच्या हातावर डोळे लावून गायचे.

त्या नाताळला चर्च गच्च भरलं होतं. तिसऱ्या गाण्यात ती जागा येते: सगळे एकदम थांबतात, तीन मात्रा काहीच नाही, आणि चौथीला सगळ्यांनी मिळून हलकेच सूर उचलायचा. तिसऱ्या मात्रेलाच एक आवाज उठला. एकटाच.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत तुम्ही विचारलंत, "कोन आलं गा आधी?" मी बुटाची नाडी बांधत होतो. काकांनीच हात वर केला. "मीच असन मास्तर. मले आता धड आयकू येत नाही." तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. "आता तू खाली बसून आयकत जा गा." त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही ताट बाजूला सारलंत. आई म्हणाली, "काहून जेवून नाही राहिले?" तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं गायला तो माह्यासोबत. आज मीच त्याले बसवलं." मी समोर वरणभात कालवत होतो. वर दुसऱ्यांदा वाढूनही घेतला.

काका त्यानंतरही दर तालमीला येऊन मागच्या बाकावर बसायचे. निघताना मला म्हणायचे, "चांगलं गाऊन राहिला गा तू." त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा उरलेलंही लिहून टाकतो. ती चूक नव्हती, बाबा. मात्रा मला पाठ होत्या. मी मुद्दाम आधी आलो. त्या शांततेत एकदा तरी माझा एकट्याचा आवाज तुमच्या कानावर पडावा, एवढंच हवं होतं. मग रागावला असतात तरी चाललं असतं. तुम्ही झटकन मान वळवलीत, आणि बघितलंत ते काकांकडे.