चारूचा रोल

५ मे २०२५, पिंप्राळा, जळगाव

धुळ्याची शाळा. जिन्याखालची अंधारी खोली. सिस्टर ॲग्नेस कॅमेऱ्याचे रोल धुवायला शिकवायच्या. मी डबी हलवायचे, धाकटी बहीण चारू घड्याळ धरून मिनिटं मोजायची — आणि मध्येच मुद्दाम चुकायची!

आज आठवलं, कारण रूपलला ट्रंकेत चारूचा कॅमेरा सापडला. आत रोल, छत्तीस वर्षांचा. "आई, मावशीचा एकही धड फोटो नाही आपल्याकडे. तू धू ना!"

मावशी. रूपलला जन्म देऊन चारू नवव्या दिवशी गेली. तिचा नवरा पुन्हा फिरकला नाही. रूपल माझी झाली. तिला कुणीच काही सांगितलं नाही. आणि त्या रोलवर दवाखान्याची खाट, चारू, तिच्या कुशीत बाळ. ते फोटो मीच काढलेत.

८ मे

रूपलने रोल धुवायचा डेव्हलपर मागवला. आमची जुनी पावडर आता मिळत नाही, ही नवीनच. पाणी वीस अंश हवं म्हणे — जळगावात, मे महिन्यात!

हे हळूच म्हणाले, "बिघडला म्हणून सांग. सुटलीस."

१० मे

आधी साधा रोल धुऊन पाहिला. डेव्हलपर थंड केला, पण शेवटी खळबळायला सवयीने नळच सोडला. गच्चीच्या टाकीचं पाणी, चहा होईल असं! फिल्मवरचा थर सायीसारखा सुटून बोटांना चिकटला.

"आई, खिचडी केलीस!" रूपल हसत सुटली. "बरं झालं, मावशीचा नव्हता."

मी हसले नाही. तो रोल कसा घालवायचा, ते आता मला कळलंय. नुसता नळ सोडायचा. कुणाला संशयही येणार नाही.

११ मे

दिवसभर तेच डोक्यात. शी!

१३ मे

रूपल परवा पुण्याला जाणार. आजच धुवायला हवा.

कामाला येणारी ताईबाई बघतच राहिली — "इतला बरफ कसाले, अक्का? लगीन शे का घरमा?"

दुपारी न्हाणीघराच्या फटी टॉवेलने बुजवल्या. अंधारात रोल डबीत भरला. मग दिवा लावला, डेव्हलपर ओतला, काढला. चित्र पक्कं करणारा फिक्सरही झाला. आता फक्त खळबळायचं. डावीकडे बर्फाची बादली, उजवीकडे नळ.

माझा हात नळावर होता. किती वेळ, माहीत नाही.

"आई, येऊ का आत?"

"नको!" एवढ्या जोरात ओरडले की तीच घाबरली. "अगं, ठीक आहेस ना?"

मी तांब्या बादलीत बुडवला.

१४ मे, सकाळ

पट्टी वाळली. धुरकट आहे, पण सात फोटो आहेत. बाळ स्पष्ट दिसतंय.

पट्टी रूपलला. तुकडे करायचे नाहीत. कॅमेरा तिलाच. चारूचं मंगळसूत्र आणि दवाखान्याचं कार्ड माझ्या कपाटात, खालच्या साड्यांमध्ये — तेही तिला. ह्यांनी मध्ये बोलायचं नाही.

ही वहीसुद्धा रूपलला. मी गेल्यावर नाही. आत्ता, ती अंघोळ करून बाहेर आली की.