एकेचाळीस दोषांची गाडी

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्ष वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात.) तुमचा खोकला आता कसा आहे? मामींनी तुमची साखर बंद केली असं कळलं, म्हणजे हल्ली तुम्ही चहाला शेजारी जात असाल. इकडे आम्ही सगळे मजेत. मी तर जरा जास्तच मजेत आहे, कारण मामा, गाडी खपली! होय, तीच. बारा वर्षांपूर्वी तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवून "घेऊन जा, तुझीच समज" म्हणालात ती, आणि गेली सहा वर्षं आमच्या गॅरेजमध्ये जागची न हललेली आपली निळी गाडी.

ती खपणं का जरुरीचं होतं ते आधी सांगतो. हिचं शिवणकाम तुम्हाला माहीतच आहे. चार मशीनं, त्यातली दोन झोपायच्या खोलीत. कित्येक वर्षं मी अंगाखाली बटणं घेऊन झोपतो. आता एका शाळेने हिला साडेतीनशे गणवेश शिवायचं काम द्यायचं कबूल केलंय. पण मुख्याध्यापिका बाई कडक. येत्या शनिवारी त्या स्वतः जागा बघायला येणार, आणि चारही मशीनं एका ठिकाणी, चांगल्या उजेडात मांडलेली दिसली तरच काम देणार. तशी जागा आमच्याकडे एकच, रस्त्याच्या बाजूला शटर असलेलं गॅरेज. हिने मला जेवताना शांतपणे सांगितलं, "शनिवारी तिथे एक तर माझी मशीनं असतील, नाहीतर तुमची गाडी. गाडी असली तर तुम्हीही तिच्यातच राहायला जा." (मी मागची सीट बघून आलो. झोपण्यालायक नाही. दोष क्रमांक तेवीस.)

दोषांना क्रमांक कसे, असं तुम्ही विचाराल. मामा, मी एकतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली. अहवाल जोडल्याशिवाय एक नटसुद्धा माझ्या हातून फाटकाबाहेर गेला नाही. मग अख्खी गाडी कशी जाऊ देणार? मी दोन दिवस खाली पाठ टेकून, वर टॉर्च धरून तिची रीतसर तपासणी केली आणि एकेचाळीस दोषांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून काढली. क्रमांक एक, गाडी सुरू होत नाही. क्रमांक दोन, झालीच तर थांबणार नाही. अशी खालपर्यंत. बघायला येणाऱ्याच्या हातात पाण्याच्या पेल्याआधी मी ही यादी देत असे. पहिलं आलं एक नवपरिणीत जोडपं. ते आठव्या क्रमांकापर्यंत वाचून एकमेकांचा हात धरून निघून गेले. मग एक दलाल आला. तो म्हणाला, "काका, हे गाडीचं वर्णन आहे की पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट?" शेवटी भंगारवाल्याला बोलावलं, तर त्याने नेमकं क्रमांक बारावर बोट ठेवलं (पत्र्याचा बराचसा भाग गंजात रूपांतरित) आणि म्हणाला, "मी लोखंड घेतो साहेब, गंज नाही घेत." ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "आणखी खरं बोला." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलली.

पण मामा, खरेपणाला गिऱ्हाईक असतंच, फक्त ते उशिरा येतं. रविवारी फोन आला. मोटार दुरुस्तीचा वर्ग चालवणारे एक सर. दलालाने माझ्या यादीचा फोटो हसण्यासाठी चार ठिकाणी पाठवला होता, तो फिरत फिरत त्यांच्याकडे पोचला. त्यांचा आवाज कापत होता. "हे सगळं एकाच गाडीत आहे? नक्की?" त्यांचं दुःख निराळंच. वर्गासाठी कंपन्या त्यांना नव्या, धडधाकट गाड्या देतात. त्यात बिघडलेलं काहीच नसतं, मग शिकवायचं काय? बिचारे रोज सकाळी लवकर जाऊन वायरी सोडवून ठेवतात. त्यांना अस्सल, वर्षानुवर्षं मुरलेले बिघाड हवे होते. मी म्हटलं, सर, या तुम्ही.

काल ते आले, आणि एकतीस वर्षांत मला जो मान मिळाला नव्हता तो तीन तासांत मिळाला. ते एकेक दोष बघत, "वा!" म्हणत, यादीवर खूण करत. इंजिनातले दोष आणि क्रमांक एक त्यांनी चवीसाठी शेवटी ठेवले होते. गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली.

मामा, मी यादीतला क्रमांक एक पुन्हा वाचून पाहिला. सर हळूच खाली उतरले. म्हणाले, "साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी वळून हिच्याकडे पाहिलं, तर ही पदराला हात पुसत दुसरीकडे बघत होती. झालं होतं असं, की हिने माझी आशा सोडली होती. गेल्या शनिवारी मी निवृत्तांच्या बैठकीला गेलो असताना हिने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावून गाडी चालू करून घेतली होती, म्हणजे वेळ आली तर रस्त्यावर नेऊन सोडता येईल. त्या गृहस्थाने माझ्या यादीतले इंजिनाचे नऊ दोष दुरुस्त करून टाकले होते. नऊ! माझ्या सहीचा अहवाल आयुष्यात पहिल्यांदा खोटा ठरला. सर चपला घालू लागले. हिचा चेहरा मला बघवेना. येता शनिवार तिच्या हातून चालला होता, आणि तोही तिच्याच हाताने.

तेवढ्यात इंजिनात एक आवाज झाला. डब्यात चमचा पडावा तसा. मी एकदम हात वर केला. म्हटलं, "सर, थांबा. हा माझ्या यादीत नाही." सरांनी एक चप्पल पायात असतानाच बॉनेटला कान लावला. दुसऱ्या बाजूने मी लावला. मग आम्ही दोघं जे आत शिरलो ते तासाभराने काळे होऊन बाहेर आलो. त्या मेकॅनिकने नऊ दोष घालवताना सात नवे करून ठेवले होते. पाइप उलटा, वायर भलतीकडे, आणि एका ठिकाणी तर चक्क हिच्या शिवणाची इलॅस्टिकची पट्टी! सरांचे डोळे भरून आले. म्हणाले, "चुकीची दुरुस्ती! वीस वर्षं मुलांना तोंडी सांगतोय. दाखवायला कुठे मिळतच नव्हती." सौदा तिथल्या तिथे पक्का झाला. शुक्रवारी ट्रक येतो. ही माझ्याशी सबंध वाक्यांत बोलू लागली आहे. आणि सर माझी यादी चौकटीत घालून वर्गात लावणार आहेत, खाली माझं नाव, पदासह. कारखान्यातल्या वरिष्ठांना मी तिचा फोटो पाठवणार आहे, सर्वांना.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. सरांचा आत्ताच फोन आला. गाडीच्या कागदांवर मालक म्हणून अजून तुमचंच नाव आहे. मामा, एकतीस वर्षं माल तपासला, मालक कोण हे बघणं माझ्या खात्याकडे कधी नव्हतंच. सोबतच्या तीन कागदांवर फुलीच्या जागी सही करून याच कुरिअरवाल्याच्या हाती परत द्या, म्हणजे गुरुवारी पोचतील. तो दारात उभा राहील. त्याला बसवून गाडीच्या आठवणी सांगू नका. नाहीतर असं करा, तुम्ही स्वतःच या! जाण्यापूर्वी एकदा तिला बघून घ्याल.

आणखी ता. क. (भाचेसुनेच्या हातचा) मामांना माझा नमस्कार. पत्र पाकिटात घालायच्या आधी मी वाचलं. सही पाठवा, पण कृपा करून स्वतः येऊ नका. तुम्ही आलात की दोघं बॉनेट उघडून बसाल, संध्याकाळपर्यंत हौसेने दहा-बारा दोष काढून टाकाल, आणि शुक्रवारी सर म्हणतील की आता गाडीत शिकवण्यासारखं काही उरलं नाही. पेन पाकिटातच घातलंय.