वसंता, मी नजर वर उचलली

प्रिय वसंता,

काल संध्याकाळी, दादरच्या वाचनालयाच्या माडीवर, तुझ्या गोष्टीचं शेवटचं पान समोर असताना मी वहीतून नजर वर उचलली. तिथे सगळं बिघडलं. म्हणून लिहितोय. तुला जाऊन सव्वा महिना झाला. एवढ्या दिवसांत तुझ्याशी दोन शब्द बोलणं जमलं नाही, आणि आज सकाळपासून हात थांबत नाही. आई आतून ओरडतेय, "काय रे, सकाळपासून काय लिवतंस? पेज निवली बघ!" निवू दे.

आपल्या वाचकमंडळाचा तो नियम तुझाच ना रे? वाचणाऱ्याने मान खाली ठेवायची, वही संपेपर्यंत समोर बघायचं नाही. "समोर बघितलंस की तू लोकांसाठी वाचायला लागतोस, आणि मग लबाडी सुरू होते." केवढे हसलो होतो आम्ही तुला! तू मात्र गिरणीतून थेट यायचास, केसांत कापूस तसाच, आणि मान खाली घालून वाचायचास. डोक्यावर पंखा पडला असता तरी तुला कळलं नसतं.

काल चार लेखक होते. पहिल्या गृहस्थांनी कोकणातल्या बाजाराचं वर्णन वाचलं, झकास. मग एक कवी उठले. "ही शेवटची," असं म्हणत त्यांनी सहा कविता वाचल्या. माझ्या मागे एक काकू कुजबुजल्या, "अगो, ह्यांचा शेवट आहे तरी कुठे?" तू असतास तर फुटला असतास. तिसऱ्या बाईंनी दोनच पानं वाचली आणि सगळा हॉल गप्प करून बसल्या. चौथा तू. आणि तुझ्या जागी मी.

आधी सांग, ही वही तू मला का दिलीस? हॉस्पिटलात तापाने तुझे ओठ फाटले होते, तरी म्हणालास, "या वेळी माझी गोष्ट तू वाच, मधू. शेवटपर्यंत वाच." कुसुम शेजारीच उभी होती. तुझी सख्खी बहीण, शाळेत शिकवते, माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं वाचते. तिला का नाही? त्यापेक्षा मला एक थोबाडीत मारायची होतीस. सोपं गेलं असतं.

कारण ती गोष्ट माझी आहे. नाव बदललंस म्हणून काय झालं? फोर्टातल्या मोर्चात आपण हात धरून चाललो होतो. गोळीबार सुरू झाला आणि मी तुझा हात सोडला. सोडला काय, झटकला. एक चप्पल तिथेच टाकून जो पळालो तो एका इराण्याच्या भटारखान्यात जाऊन बसलो. तू तीन तास त्या धुरात मला शोधत होतास. संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून माझी चप्पल घेऊन आलास आणि एवढंच म्हणालास, "जिवंत आहेस ना? बस."

शिवी तरी द्यायचीस रे!

आणि त्याच आठवड्यात मी कुसुमला काय सांगितलं, ठाऊक आहे? "शेवटपर्यंत उभा होतो." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेवर मी आजवर जगतोय. मग त्या नजरेला शोभावं म्हणून कॉलेज सोडलं. इंटरच्या परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. सभा, भिंती रंगवणं, पत्रकं. चळवळीसाठी सोडलं असं सगळ्यांना सांगतो. तुला खोटं कशाला सांगू? तुला सगळं माहीत होतं, आणि तू तिला एका शब्दाने बोलला नाहीस.

तर काल. बारा पानं मान खाली घालून वाचली. गोष्टीतला तो पोरगा पळतो, लपतो, तोंड चुकवत घरी येतो. शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस की सकाळी त्याला दारात आपली चप्पल दिसते, तो ती पायात घालतो आणि पुन्हा मोर्चाला जातो. बस, एवढंच. तिथवर आलो आणि वाटलं, कुसुम काय करत असेल? बघितलं. तिसऱ्या रांगेत, डोळे माझ्यावर.

मी वही मिटली. बोट आतच राहिलं. आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो. माझ्या शेवटात तो पोरगा चौकातूनच मागे फिरतो, छाती उघडी करतो, गोळी झेलतो. हॉल उठून उभा राहिला. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मंडळाच्या अध्यक्षांनी डोळे पुसले. म्हणाले, "काय शेवट केलाय पोराने! हा आपल्या विशेषांकात छापायचाच."

जिन्यात कुसुमने मला गाठलं. "दादा मला म्हणाला होता, गोष्टीतला तो घरी येतो, दुसऱ्या दिवशी परत जातो. मग मेला कसा?"

"मागाहून बदलला त्याने शेवट," मी म्हणालो.

ऐकलंस? तुझ्या नावावर खपवलं मी! तू तीन आठवडे तापात पडून होतास तेव्हा दोनदाच आलो, "सभा होती" म्हणून. ते एक वेळ तू सोडशील. पण हे?

कुसुमने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या शाळा सुटली की मी घरीच आहे. वही घेऊन या. आईला त्याचं अक्षर बघायचंय."

आज दुपारी ते शेवटचं पान फाडायला धरलं होतं, वसंता. खरंच धरलं होतं. कडेला इंचभर फाटलंसुद्धा. मग तुझ्या त्या पोराकडे बघितलं. तो घाबरतो, पळतो, आणि तरी परत जातो! माझा तो गोळी खाणारा त्याच्यापुढे कागदाचा वाटला. तू मला मेलेला नव्हता लिहिलास रे. परत जाणारा लिहिला होतास. मीच मारून टाकला त्याला, टाळ्यांसाठी.

ती फाटलेली कड मी भाताच्या शिताने चिकटवली आहे. डाग पडलाय. राहू दे.

आता ऐक. भोईवाड्यात तुमच्या घरी जातो. तुझ्या आईसमोर आणि कुसुमसमोर बसून शेवटचं पान वाचतो, तू लिहिलंस तसं, आणि तो पोरगा कोण ते सांगतो. तिथून अध्यक्षांकडे, छापायला जायच्या आत. कुसुम पुन्हा तशी बघणार नाही, कदाचित बघणारच नाही. तरी वाचीन, हे वचन.

वही काखेत आहे, हे उभ्यानेच लिहितोय. आई विचारतेय, "खंय चललंस?" पत्र फडताळात ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझा पळपुटा,
मधू